डिसेंबरात जांबोटीकडं झोळीत झोपायचंय, पाठ गारठू नये म्हणून काय करावं?

अनगोळ_नाका:
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटी मी, बायको आणि मेहुणा असे तिघं बेळगावजवळच्या जांबोटीच्या पुढं ओळखीच्या एका काजूच्या बागेत दोन रात्री राहणार आहोत. जागा चढाची आहे आणि जांभा जागोजागी वर आलाय. तिथं तंबू ठोकून पाठ टेकायची म्हणजे रात्रभर दगड मोजायचे. म्हणून हॅमॉक, म्हणजे दोन झाडांना बांधायची झोळी.

पॅराशूटच्या कापडाची एक झोळी ऑनलाइन मागवली. परवा परसात नारळ आणि कंपाउंडचा खांब यांच्यामध्ये बांधून झोपून बघितलं. दोन तक्रारी आहेत. एक म्हणजे अंग केळ्यासारखं वाकतंय, कंबर खाली आणि पाय वर. दुसरी, अंगावर दोन चादरी असूनही पहाटे पाठीला आणि बुडाला असा गारठा लागला की उठून घरात आलो. आणि हे अनगोळात, जांबोटीला तर अजून थंडी.

वजन ८० किलो, उंची पावणेसहा फूट. माणशी तीनेक हजारांत भागलं तर बरं. बायकोची अट एकच आहे, पाठ दुखली तर पुन्हा विचारायचं नाही. सांगा काय करू ते.

गोधडीवाली:
दादा, गारठा वरून नाही, खालून येतोय. अंगावर अजून दोन चादरी घेतल्या तरी काही फरक पडणार नाही. रजई असो की स्लीपिंग बॅग, ऊब देते ती आत अडकलेली हवा. अंगाखाली ती दबली की हवा निघून जाते आणि उरतं नुसतं कापड. घरी खाली गादी असते म्हणून कळत नाही. झोळीत त्या कापडाखालून वारा मोकळा फिरत असतो.

त्यामुळं खाली एक तर न दबणारं काहीतरी घालायचं, म्हणजे फोम. नाहीतर पांघरूण झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगानं टांगायचं, म्हणजे ते तुमच्या वजनाखाली येतच नाही. त्याला अंडरक्विल्ट म्हणतात. विकतची महाग आहे, पण घरी होते. पॉलिस्टर भरलेली हलकी सिंगल रजई घ्या. लांबीच्या दोन्ही कडांना नेफा शिवून घ्या, परकराला शिवतात तसा. त्यात इलॅस्टिकची दोरी ओवा आणि दोरीची टोकं झोळीच्या दोन्ही टोकांना अडकवा. डोक्याकडची आणि पायाकडची बाजू चुण्या घालून आवळायची, नाहीतर तिथून वारा आत शिरतो. आमच्या वडगावच्या शिलाईवाल्यानं असले नेफे तासाभरात मारून दिले. कशाला हवेत ते मात्र त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

तपासायचं असं: आत झोपा आणि दुसऱ्याला झोळी आणि रजई यांच्यामध्ये हात घालायला सांगा. रजई सगळीकडं झोळीला अलगद लागलेली हवी. फट राहिली तर ऊब राहत नाही, जास्त ओढली तर ती पुन्हा दबते.

वाकळ मात्र नेऊ नका. जड, आणि दव पडलं की सुती कापड पाणी धरतं. आजीचं घोंगडं असेल तर ते न्या, वरून घ्यायला त्याच्यासारखं काही नाही.

चंदगडी_गडी:
पहिल्या तक्रारीचं मी सांगतो. तुम्ही दोन झाडांच्या सरळ रेषेत झोपताय. तसं नाही झोपायचं गा! तिरकं झोपायचं. डोकं मधल्या रेषेच्या डावीकडं असेल तर पाय उजवीकडं. मग कापड पाठीखाली ताणून सपाट होतं आणि गुडघे उलटे वाकत नाहीत. कुशीवरसुद्धा झोपता येतं.

पण त्याला झोळी लांब पाहिजे. दुकानांत मिळणाऱ्या बऱ्याच झोळ्या २.६ ते २.७ मीटरच्या असतात, पावणेसहा फुटी माणसाला त्यात तिरकं व्हायला जागाच उरत नाही. ३.३ मीटरच्या आसपासची घ्या. कापड मिळत असेल तर शिवून घ्या, दोन्ही टोकांना नेफा आणि त्यातून दोर, एवढंच असतं. ती दांडीवाली जाळीची झोळी तर बिलकूल नको, कूस बदलली की माणूस खाली.

आणि सैल बांधायची. घट्ट नाही.

कॅम्प_कँटीन:
सैल कशाला? सैल बांधली की मध्ये झोल येतो आणि बुड जमिनीला टेकतं. आम्ही एनसीसीत खणखणीत ताणून बांधायचो.

उद्यमबाग_फिटर:
ताणून बांधली की दोन गोष्टी होतात. एक, कापडाच्या कडा खांद्यांना दाबतात आणि तिरकं होताच येत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची, दोरावरचा ताण. साधं गणित आहे, बघा. पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर ८० किलोच्या माणसासाठी प्रत्येक पट्ट्यावर ८० किलोच ताण येतो. तोच कोन १५ अंश झाला की सुमारे १५५ किलो. १० अंशांवर २३० किलो, एका बाजूला. वरून तुम्ही धपकन बसलात की अजून वाढला. गाठी सुटतात, हुक उघडतात ते यानेच. तुमच्या कंपाउंडच्या खांबाला तर दया येत असेल.

त्यामुळं ३० अंश. कोनमापक नको, हाताचा अंगठा आणि तर्जनी पिस्तुलासारखी ताणा. अंगठा सरळ वर, तर्जनी आडवी धरली की पट्टा साधारण दोन्ही टोकांना जोडणाऱ्या रेषेसारखा दिसला पाहिजे.

पण दर वेळी झाडं वेगळी, अंतर वेगळं. म्हणून एक युक्ती करा. झोळीच्या दोन्ही टोकांमध्ये न ताणणारी बारीक दोरी कायमची बांधून टाका, झोळीच्या लांबीच्या ८३ टक्के. झोळी ३.३५ मीटर असेल तर दोरी २.७८ मीटर. मग बाहेर पट्टे थोडे कमी-जास्त झाले तरी झोळीचा झोल तोच राहतो, रोज तसंच झोपायला मिळतं. त्याच दोरीला चष्मा, टॉर्च लटकवता येतं.

बुड टेकण्याची भीती असेल तर पट्टा वर बांधा. झाडांमध्ये साडेचार मीटर अंतर आणि बसायची उंची ४५ सेंटीमीटर धरली तर पट्टा जमिनीपासून सुमारे १.९ मीटरवर येतो. म्हणजे डोक्याच्या थोडा वर. बहुतेक लोक छातीच्या उंचीवर बांधतात आणि मग टेकतंय म्हणून ताणत बसतात.

पट्टा पॉलिस्टरचा घ्या, इंचभर तरी रुंद. नायलॉन ओला झाला की ताणतो, रात्री उंच झोपलेला माणूस पहाटे जमिनीवर. किल्लीच्या जुडग्याला लावतात तसले हुक नकोत, वजनाचा आकडा कोरलेला कॅराबिनर, म्हणजे झडप असलेली मजबूत धातूची कडी घ्या.

कॅम्प_कँटीन:
गणित मान्य. पण १.९ मीटरवर बांधायला माझी बायको स्टूल घेऊन येणार काय?

चंदगडी_गडी:
पट्ट्याचं टोक काठीनं वर सरकवता येतं की.

लोंढा_पॅसेंजर:
सगळे झोळीबद्दल बोलतायत, झाडाबद्दल कुणी बोलेना. काजूच्या बागेत जाताय ना? मग काजूला झोळी बांधू नका. बुंधा आखूड असतो, कंबरेएवढ्या उंचीवरच फांद्या फुटलेल्या, आणि लाकूड ठिसूळ. बागेच्या कडेला, कुंपणाला जांभूळ, आंबा, सिल्व्हर ओक, किंदळ असलं काहीतरी असतंच. तिथं बांधा. बुंधा मांडीपेक्षा जाड हवा आणि झाड जिवंत हवं. मग मान वर करून बघा, वाळकी फांदी लटकलेली दिसली तर ते झाड सोडा. नारळाच्या खाली तर परसातसुद्धा झोपू नका, दादा!

बिब्बा ओळखता येतो का तुम्हाला? काळे ओघळ असलेल्या बुंध्याला हात लावू नका. चीक लागला तर अंगावर फोड येतात, काही लोकांना तर फारच. ओळखता येत नसेल तर बागवाल्याला विचारून त्यानं दाखवलेल्या झाडालाच बांधा.

दुसरं म्हणजे तांबड्या मुंग्या. आंब्यावर आणि काजूवर पानं शिवून घरटी करतात त्या. पट्टा बांधला की त्यांना नवा रस्ताच मिळतो, तो थेट तुमच्या मानेपर्यंत. संध्याकाळी बुंध्यावर रांग आहे का ते बघा. रांग असेल तर झाड बदला. उरल्यासुरल्यांसाठी पट्ट्यावर बोटभर रुंदीचं व्हॅसलीन फासा.

आणि बागवाल्याला आधी फोन करून विचारा, फवारणी कधी आहे. डिसेंबर-जानेवारीत काजूला पालवी-मोहोर येतो आणि ढेकण्या नावाच्या किडीसाठी औषध मारतात. ज्या दिवशी मारलं त्या रात्री तिथं झोपायचं नसतं.

गल्लीतला_गवा:
बागेऐवजी सरळ भीमगडात का नाही जात? खरं जंगल तिथं आहे. तळेवाडीकडं आत शिरायचं, मस्त जागा.

लोंढा_पॅसेंजर:
असा सल्ला कुणी देऊ नये आणि कुणी घेऊ नये. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरणं गुन्हा आहे, रात्री मुक्काम तर दूरच. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमध्ये राटनचं वटवाघूळ राहतं, जगात फार कमी ठिकाणी सापडणारा प्राणी. तिथं टॉर्च आणि स्पीकर घेऊन जाणाऱ्यांमुळंच नियम अजून कडक होत जातात. अस्वलं आहेत, गवे आहेत. झोळीत झोपलेला माणूस म्हणजे दोन्ही बाजूंनी बांधलेला माणूस, पळायचं म्हटलं तरी आधी झिप शोधायची.

बाग बरी. बागेतही गवा येतो बरं का, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात सगळीकडं येतो. दांडेलीकडचे हत्ती खानापूर, चंदगडपर्यंत फिरतात. म्हणून गव्यांच्या पायवाटेवर, पाणवठ्याच्या वाटेवर झोळी नको. घराच्या हाकेच्या अंतरात राहा. खाणं झोळीत ठेवू नका.

वनखात्याकडं अर्ज करायचाच झाला तर कन्नडमध्ये लिहून न्या, काम लवकर होतं. कुणाला लिहून हवा असेल तर मला निरोप टाका.

गल्लीतला_गवा:
बरं बाबा. सूचना मागे.

टिळकवाडी_ताई:
मी आरोग्य खात्यात होते म्हणून एक सांगते, थट्टेवारी नेऊ नका. माकडताप. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला. अलीकडच्या वर्षांत गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातही रुग्ण निघाले, म्हणजे आपल्या घाटाच्या पलीकडच्याच अंगाला. तो गोचिडाच्या चाव्यातून होतो आणि हंगाम नेमका डिसेंबर ते मे.

झोळीत झोपल्यानं तुम्ही जमिनीपासून वर राहता हे चांगलंच आहे. पण लोक दिवसभर पाचोळ्यावर बसतात, चटई टाकून पत्ते खेळतात आणि रात्री मोठ्या काळजीनं वर झोपतात! लहान गोचीड तिळाएवढं, सहज दिसत नाही. बसायला खुर्ची किंवा झोळीच वापरा. पॅन्ट मोज्यात खोचा. डीट हे किडे दूर ठेवणारं औषध असलेलं मलम लावा. संध्याकाळी कपडे बदलताना काखा, जांघा, गुडघ्यामागं, कानामागं बघून घ्या. गोचीड सापडलं तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, काडी असलं काही करू नका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, गावात किंवा आरोग्य केंद्रात कळवा. परत आल्यावर आठवडाभरात जोराचा ताप आणि अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे आपणहून सांगायचं. पुष्कळदा तेच सांगायचं राहतं.

अनगोळ_नाका:
ताई, हे माहीतच नव्हतं. खुर्च्यांचं बघतो. मेहुण्यानं पत्त्यांचा कॅट आधीच पिशवीत टाकलाय, त्याला आता टेबल शोधायला सांगितलंय.

रजईचं काम शिवायला दिलंय. मधल्या काळात फोमवर झोपून बघावं म्हणतो. योगा मॅट चालेल काय? आणि वरून ताडपत्री लागेल काय? डिसेंबरात पाऊस नसतो.

उद्यमबाग_फिटर:
योगा मॅट चालते, पण दोन फूट रुंद, त्यामुळं खांदे बाहेर राहतात आणि झोळीत खांद्यांनाच सगळ्यात जास्त कापड चिकटतं. आमच्याकडं उद्यमबागेत मशीनचे सुटे भाग बांधायला पांढरा पॅकिंगचा फोम वापरतात, ईपीई म्हणतात त्याला. १० ते १२ मिलिमीटर जाडीचा घ्या. बुडबुडे बंद असतात म्हणून दबत नाही, पाणी पीत नाही, वजन नगण्य. एक लांब तुकडा पाठीला, एक आडवा तुकडा खांद्यांखाली, अधिकच्या चिन्हासारखे. एकमेकांना कापडी पट्टीनं शिवा, नाहीतर रात्री एक इकडं एक तिकडं. फोमची एकच खोड, घसरतो आणि पाठीला घाम येतो. वर एक पातळ सुती चादर टाकली की दोन्ही बरंच कमी होतं.

गोधडीवाली:
घाम येतो म्हणूनच मी रजईवाली. पण पहिल्या वेळी फोम जवळ ठेवाच, इलॅस्टिक तुटलं तर पहाटे दोनला शिलाईवाला कुठून आणणार?

ताडपत्री लागतेच. पावसासाठी नाही, दवासाठी. उघड्या आभाळाखाली रात्री कापड हवेपेक्षाही गार होतं आणि त्यावर दव धरतं. वर छप्पर असलं की पांघरूण कोरडं राहतं आणि गारठाही एक पायरी कमी वाटतो. जंगलात दाट झाडीखाली हाच फायदा झाडं देतात, बागेत आभाळ मोकळं असतं.

राकसकोप_वारा:
ताडपत्री तीन बाय तीन मीटरची, कर्णावर टाकली तर झोळीची दोन्ही टोकं झाकली जातात. दुकानातली जाड निळी नको, खडखडून झोप लागू देत नाही. डोक्याकडची बाजू वाऱ्याला पाठ करून खाली ओढायची. आपल्याकडं डिसेंबरात रात्री पूर्वेकडून वारं असतं, पण दरीच्या तोंडाशी ते कुठूनही येतं, जाऊनच बघायचं. ताणाच्या दोऱ्यांना सुरगाठ मारा, निरगाठ नको. पहाटे बोटं आखडलेली असतात, एका ओढीत सुटली पाहिजे. दोऱ्यांना पांढरी चिंधी बांधा, नाहीतर रात्री लघवीला उठलेला माणूस त्यात अडकून पडतो.

पट्ट्यावरून पाणी ओघळत झोळीत येतं, त्यासाठी पट्ट्याला झोळीच्या अलीकडं वीतभर सुतळी लोंबती बांधायची. पाणी सुतळीवरून खाली ठिबकतं. दवालाही तेच.

एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरात जायचं कुणाच्या मनात असेल तर वळवाच्या ढगांकडं लक्ष ठेवा. विजा चमकायला लागल्या की झोळी सोडून गाडीत जाऊन बसायचं. दोन उंच झाडांना बांधलेल्या माणसानं तिथं थांबू नये.

चंदगडी_गडी:
बूट झोळीखाली जमिनीवर ठेवू नका, दोरीला उलटे टांगा. घालताना झटका. पट्टा सोडताना आधी टॉर्च मारा, आमच्या घाटात झुडपांवर हिरवा चापडा साप वेटोळं करून बसलेला असतो. तो मुद्दाम अंगावर येत नाही, आपणच त्याला हात लावतो.

अनगोळ_नाका:
कालच्या रात्रीचं सांगतो. फोम अधिकच्या चिन्हासारखा, मधली दोरी बांधली, पट्टा वर नेला. परस सोडून यावेळी मित्राच्या शेतात दोन आंब्यांना. तिरकं झोपल्यावर कंबरेचं दुखणं गेलं. पोटरीखाली मात्र कापडाची एक कड येते आणि तिथं रग लागते. गुडघ्याखाली शर्ट गुंडाळून ठेवला तर बरं वाटलं. पाठ गरम. नाक गार. झोप पाचपर्यंत सलग. बायको पण अर्धा तास झोपून बघते म्हणाली आणि दीड तास उठली नाही, त्यामुळं आता तिला वेगळी झोळी घ्यावी लागणार.

चंदगडी_गडी:
पोटरीची कड म्हणजे अजून थोडं तिरकं व्हायचं राहिलंय. किंवा पायाकडचा पट्टा वीतभर वर घ्या, म्हणजे अंग पायाकडं घसरत नाही. डोक्याकडं जाड उशी घालू नका, झोळी मानेला आधीच उचलून धरते. गुंडाळलेला टॉवेल पुरे.

टिळकवाडी_ताई:
नाक गार लागतं त्यावर कानटोपी. आणि झोपायच्या आधी उपाशी राहू नका, भाकरी-शेंगाचटणी, वर चमचाभर तूप. पोटात काही असलं की अंग ऊब धरतं. झोपायच्या आधी लघवीला जाऊन यायचं, थंडीत कंटाळा करून पडून राहिलं की झोप मोडते ती मोडतेच.

अनगोळ_नाका:
कानटोपी आहे, मंकी कॅप. फोटो टाकणार नाही.

शेवटचं एकच. दोन झोळ्या झाल्या, तिसरी मेहुण्याची आहे, पण ताडपत्री एकच आहे. नवी घ्यायला बजेट संपलं. कुणाकडं हलकी असेल तर दोन दिवसांसाठी द्याल काय? आणून पोचवतो.

राकसकोप_वारा:
माझ्याकडं दोन आहेत, दोन्ही न्या. रविवारी सकाळी दहानंतर घरी आहे, निरोपात पत्ता टाकतो. दोन झोळ्या शेजारी बांधल्या तर मध्ये हातभर अंतर ठेवून एकाच ताडपत्रीत बसतात, बघा जमतंय का. फक्त परत देताना वाळवून द्या. मागच्या वेळी एकानं ओली घडी करून दिली, बुरशीचा वास अजून जात नाही.